आठ क्विंटलचे धूड जागचे हलते कसे?

नागपूरहून अमरावतीकडे येताना तिवसा मागे पडले की थोड्याच वेळात गुरुकुंज मोझरी लागते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम स्थापन केला आणि मोझरीच्या नावामागे ‘गुरुकुंज’ हा शब्द कायमचा जोडला गेला. अमरावती येथून पस्तीसेक किलोमीटर. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात, तो रस्ता गावाला लागूनच जातो. त्यावरून कापसाच्या गाठी जातात, संत्री जातात, लोखंड जाते. नागपूरजवळ हिंगण्याला ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे नवेकोरे ट्रॅक्टर पाठीवर घेतलेल्या लांबलचक गाड्याही या रस्त्याला अनोळखी नाहीत.

थंडीचे दिवस होते. महामार्गापासून आत वळणाऱ्या एका रस्त्याच्या तोंडाशी मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. समोर एक मोठा ट्रॅक्टर, त्यामागे दोन चाकांची ट्रॉली, आणि ट्रॉलीत एक छोटा ट्रॅक्टर. संत्र्याच्या बागेत चालवतात तसला, पंधरा-वीस अश्वशक्तीचा. जुना विकत घेतलेला होता आणि तिवशापलीकडच्या एका गावी चालला होता. त्याच्या बॉनेटवरून एक नायलॉनचा दोर टाकून दोन्ही बाजूंच्या फाळक्यांच्या कड्यांना आवळला होता. आणि त्या छोट्या ट्रॅक्टरच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून, बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बसला होता.

“भाऊ, याला वर कशाला बसवलं?” मी विचारले.

“ब्रेक धरून ठेवाले, गुरुजी. तसा गेअरमंदी टाकेल हाये.”

“आणि दोर तुटला तर?”

भाऊ हसले. “काई फिकर नोका करू. आठ क्विंटलचं धूड हाये. ते कुठी जाते?”

विद्यार्थी मित्रांनो, भाऊंचा हा प्रश्न सोपा नाही. जड वस्तू जागची हलत नाही हा आपल्या सर्वांचा रोजचा अनुभव. ज्वारीचे पोते ढकलायला दोन माणसे लागतात, मग आठ क्विंटलचा ट्रॅक्टर आपोआप कसा हलेल? त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्याच आम्ही या प्रश्नाचा निकाल लावला.

वजन दोन्ही पारड्यांत पडते

आधी एक प्रयोग करा. हा प्रयोग वर्गातही होईल. एक लाकडी फळी घ्या, तिच्यावर एक वीट ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही उंचीवर वीट घसरू लागेल. त्या वेळी फळी जमिनीशी किती अंशांचा कोन करते ते कोनमापकाने मोजून लिहून ठेवा. आता दोन विटा एकीवर एक ठेवून दोऱ्याने घट्ट बांधा आणि पुन्हा फळी उचला. वजन दुप्पट झाले. तेव्हा फळी अधिक उचलावी लागेल असे वाटते ना? प्रत्यक्षात विटा जवळजवळ त्याच कोनाशी घसरतात!

याचे कारण असे. विटेला खाली ओढणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. तिला धरून ठेवणारे घर्षण हेसुद्धा वजनाच्याच प्रमाणात वाढते. आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ साली घर्षणाचा हा नियम मांडला. वजन दोन्ही पारड्यांत सारखेच पडल्यामुळे निकालात त्याचा काही भाग उरत नाही. कोन ठरतो तो केवळ कोणता पृष्ठभाग कोणत्या पृष्ठभागावर टेकला आहे यावरून.

आता तिसरा भाग. विटेखाली तीन-चार गोल पेन्सिली आडव्या ठेवा. फळी जेमतेम कलली की वीट निघालीच!

हे सारे उतारावरचे झाले. सपाट रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॉलीशी त्याचा संबंध काय? ट्रॉली एकाएकी थांबली की तिच्यातील वस्तू न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. यालाच आपण जडत्व म्हणतो. ट्रॉलीत बसलेल्याला मात्र असे वाटते की कोणीतरी आपल्याला पुढे ढकलले. ट्रॉली जणू पुढच्या बाजूला कलली आणि आपण उतारावर आलो! ही निव्वळ कल्पना नव्हे, तिचा हिशेब मांडता येतो.

समजा, ट्रॉली ताशी २५ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. पुढचे चाक खोल खड्ड्यात आपटले किंवा पुढे अचानक थांबलेल्या गाडीवर ट्रॅक्टर आदळला आणि सगळा लवाजमा ३ मीटरांत थांबला. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे ४९ भागिले ६. उत्तर आले, दर सेकंदाला सेकंदी सुमारे ८ मीटर. गुरुत्वत्वरण ९.८ असते. म्हणजे वेग कमी होण्याचा हा दर गुरुत्वत्वरणाच्या आठ-दशांश भरला. ज्या कोनाची टॅन्जंट ०.८ आहे तो कोन ३९ अंशांचा. याचा अर्थ, त्या क्षणी ट्रॉलीतल्या ट्रॅक्टरची अवस्था ३९ अंशांच्या उतारावर तोंड खाली करून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरसारखी होते.

मालवाहू गाड्यांवर बोजा बांधण्याचे नियम करणाऱ्या युरोपातील अभियंत्यांनीही हाच आकडा धरला आहे. बांधणी अशी हवी की पुढच्या दिशेला वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूंना व मागे वजनाच्या निम्मे बल तिने सहज पेलावे. अमेरिकेतील नियमांतही हेच आकडे सापडतात. बाजूचे निम्मे कशासाठी, हे ताशी २५ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर किती बल लागेल याचा हिशेब केल्यास लगेच कळेल. तो तुमच्यासाठी सोडतो.

मी भाऊंना एवढेच विचारले, “घाटात असा कडक उतार आहे. तिथं हा ट्रॅक्टर उभा करून त्याच्या ब्रेकवर या मुलाचा पाय ठेवाल का?”

भाऊ काही बोलले नाहीत. मुलगा मात्र ब्रेकवरचा पाय काढून खाली वाकून पाहू लागला.

ब्रेक कोणत्या चाकांना असतो?

आता ब्रेकचे पाहू. मोटारीला चारही चाकांवर ब्रेक असतो. साध्या ट्रॅक्टरला तो फक्त मागच्या दोन चाकांवर असतो. गिअरमध्ये टाकून ठेवला तरी इंजिनाची पकड मागच्याच चाकांवर. पुढची दोन चाके पूर्ण मोकळी, म्हणजे आपल्या विटेखालच्या पेन्सिलीच म्हणा ना!

हा ट्रॅक्टर ८०० किलोग्रॅमचा. त्यातला बहुधा ४८० किलोग्रॅम भार मागच्या चाकांवर आणि ३२० पुढच्या चाकांवर. रबरी टायर आणि मातीने माखलेला, गुळगुळीत झालेला लोखंडी पत्रा यांच्यातले घर्षण भाराच्या निम्मे धरू. मग मागच्या चाकांची पकड फार तर २४० किलोग्रॅम. तीही पुरती मिळत नाही, कारण थांबताना ट्रॅक्टर नाकावर झुकतो. मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन पुढच्यांवर जातो. हा झुकाव हिशेबात घेतला तर हाती उरतात सुमारे २००. आणि हवे आहेत ८०० चे आठ-दशांश, म्हणजे ६४०!

मुलाने कितीही जोर लावून ब्रेक दाबला तरी या २०० चे २०१ होत नाहीत. ब्रेक चाकाला धरतो. चाक पत्र्यावरून घसरू लागल्यावर त्याचे काम संपलेले असते. ट्रॅक्टर सुटला तर मुलगा त्याच्यासह पुढे फेकला जाणार. ट्रॉली उलटली तर तो सव्वादोन-अडीच मीटर उंचीवरून खाली आणि आठ क्विंटल त्याच्या अंगावर. लादलेल्या यंत्रावर माणूस बसवून नेणे हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास दिसतो की त्यात कोणाला वावगेही वाटत नाही. मला मात्र तो पाहवत नाही.

मुलगा खाली उतरला. “मामा, दोर तर बांधला हाये ना पण?” असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

कडब्याचा नाडा आणि ट्रॅक्टरचा दोर

बंडीवर कडबा भरताना तुम्ही पाहिले असेल. पेंढ्यांचा डोंगर रचला की वरून एक जाडजूड नाडा टाकतात, दोन्हीकडून खाली ओढतात आणि त्यात काठी घालून पीळ देत आवळतात. काठीचे टोक मोठे वर्तुळ काढते तेव्हा नाडा थोडासाच आखडतो. म्हणून हाताच्या बेताच्या जोराने नाड्यात पुष्कळ ताण उत्पन्न होतो. तरफेचाच हा एक अवतार. ट्रकवाले दोराला मध्येच फास पाडून त्यातून टोक परत ओढतात, तीही एक युक्तीच. दोराचा फास तेथे कप्पीचे काम करतो. घर्षणामुळे कप्पीइतका फायदा मिळत नाही, पण एकट्या माणसाला दोर ताठ करता येतो.

कडब्यासाठी ही बांधणी उत्तम. पेंढ्या दबतात, एकमेकींत रुततात आणि सारा डोंगर एकजीव होतो. भाऊंनी ट्रॅक्टर नेमका तसाच बांधला होता. पण दोर वरून खाली दाबतो, तो ट्रॅक्टरला मागे ओढीत नाही. त्याचा उपयोग एवढाच की चाकांवरचा दाब वाढावा आणि त्यायोगे घर्षण वाढावे. दोन्ही बाजूंना २०० किलोग्रॅमचा ताण असला तर खाली दाब ४०० चा. निम्म्या घर्षणाच्या हिशेबाने २०० ची भर पडली असती, पण तीसुद्धा सर्व चाके जखडलेली असती तर. येथे दोर बॉनेटवरून गेलेला, म्हणजे दाब मुख्यतः पुढच्या चाकांवर. आणि पुढची चाके मोकळी! मोकळे चाक कितीही दाबले तरी ते फिरतेच. तेव्हा एवढ्या मेहनतीने आवळलेला दोर पुढच्या धडकेला जवळजवळ काहीच विरोध करीत नव्हता.

शिवाय ट्रॅक्टर हवेच्या टायरांवर उभा असतो, आणि टायर म्हणजे एक प्रकारची स्प्रिंग. रस्त्यातल्या गतिरोधकावर आदळताच टायर दबतो, यंत्र बोटभर खाली बसते आणि तेवढ्यात दोर सैल पडतो. दुसऱ्या क्षणी यंत्र उसळते आणि दोराला हिसका बसतो. आकडा असेल तर सैल पडलेल्या क्षणी तो कड्यातून निसटू शकतो. १२ मिलिमीटर जाडीचा नवा प्लास्टिकचा दोर साधारण दोन टन ओढीला तुटतो, असे ऐकले की पुष्कळ वाटते. पण गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येते, वर्षभर उन्हात पडला की आणखी घटते, आणि पत्र्याच्या धारेवर घासला गेला तर हिशेबच नको.

चार साखळ्या, चार दिशा

मग खरी बांधणी कोणती? जिकडे यंत्र जाऊ पाहील त्याच्या विरुद्ध दिशेला त्याला सरळ ओढून धरणारी. ट्रॅक्टरच्या चार कोपऱ्यांतून चार साखळ्या ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांकडे न्यायच्या. पुढच्या दोन पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला. मागच्या दोन मागे, खाली आणि बाहेरच्या बाजूला. गोठ्यातल्या अवखळ खोंडाला दोन्हीकडून दोन दावी बांधतात ना, तसे. आता ट्रॅक्टर पुढे जाऊ लागला तर मागच्या दोन साखळ्या ताणतात, मागे जाऊ लागला तर पुढच्या दोन, उजवीकडे सरकला तर डावीकडच्या दोन. चारही मिळून त्याला खाली दाबतात, म्हणून घर्षणाची मदत मिळते ती वेगळीच.

साखळीचा कोन मात्र जपावा लागतो. पुढच्या धडकेचे ६४० किलोग्रॅम मागच्या दोन साखळ्यांनी वाटून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकीने आडव्या दिशेला ३२० पेलायचे. साखळी तळाशी ३० अंशांचा कोन करीत असेल तर तिच्यातला ताण ३७० च्या आसपास येतो. ४५ अंशांना ४५०. ६० अंशांना ६४०, म्हणजे एकेका साखळीवर सगळाच बोजा. आणि ट्रॉलीत मागे जागा नाही म्हणून साखळी जवळजवळ उभीच, ७५ अंशांना बांधली तर १,२०० च्या वर! साखळी तीच, ट्रॅक्टर तोच, फक्त कोन बदलला. (बाहेरच्या बाजूला तिरपी गेल्याने ताण आणखी थोडा वाढतो, तो येथे सोडून दिला आहे. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी तोही काढून पाहावा.) पोलादाची ८ मिलिमीटरची चांगल्या प्रतीची साखळी, म्हणजे जिच्यावर ८० ही प्रतीची खूण असते ती, दोन टनांचा बोजा रोज सुरक्षितपणे पेलण्यासाठी केलेली असते. तेव्हा ७५ अंशांच्या बांधणीतही ती तुटायची नाही. पण ट्रॉलीच्या पत्र्याला कच्चे वेल्डिंग केलेले कडे मात्र उखडून येईल. बांधणीची ताकद तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकीच असते.

साखळी ट्रॅक्टरला कोठे अडकवायची, हेही महत्त्वाचे. मागे फारशी अडचण नाही. मागच्या आसाचे जाड बीडाचे घर किंवा ओढकाम करायचा आकडा ही जागा भक्कम असते. पुढे मात्र एक गंमत आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर टांगलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा. वाफ्यात एक चाक वर आणि एक खाली गेले तरी यंत्र सरळ राहावे म्हणून ही सोय. त्यामुळे नुसता पुढचा आस दोन्ही बाजूंनी कितीही आवळला तरी त्याच्यावरचे धड डोलायचे ते डोलतेच. म्हणून पुढच्या साखळ्या इंजिनाखालच्या चौकटीला धरायच्या. सुकाणूच्या दांड्या, मडगार्ड, बंपरची पट्टी, पायऱ्या यांना कधीच नाही.

साखळीत टर्नबकल किंवा आवळायचा खटका असला म्हणजे ती इतकी ताणायची की टायर किंचित दबलेला दिसला पाहिजे. मग गतिरोधकावर यंत्र खाली बसले तरी साखळी सैल पडत नाही. बाजारात मिळणारे खटक्याचे रुंद पट्टेही या कामाला चांगले, फक्त त्यांना धारदार कडांपासून जपायचे. पहार घालून साखळीला पीळ देण्याची पद्धत खेड्यात दिसते, ती मुलांनी मुळीच करू नये. पहार हातातून सुटली तर ती कोणाच्या तोंडावर बसेल ते सांगता येत नाही.

चाकांपुढे-मागे लाकडी पाचरी ठोकायच्या, हँडब्रेक ओढायचा, खालचा गिअर टाकायचा, डिझेल बंद करायचे. मागे रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो उचललेल्या स्थितीत ठेवायचा नाही. हायड्रॉलिकवर विसंबणे म्हणजे तेलाच्या दाबावर विसंबणे. तो तळावर टेकवून स्वतंत्र बांधायचा.

उलाळ गाडी

साखळ्यांची जमवाजमव करायला भाऊ शेजारच्या टायरवाल्याकडे गेले, तेवढ्यात मी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली आणि आणखी एक गोष्ट नजरेस आली. छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या फार मागे उभा केला होता. मागून चढवला, जागा मिळाली तेथेच थांबवला. मोठ्या ट्रॅक्टरच्या आकड्याशी ट्रॉलीची दांडी वर ताठ उचलली गेली होती.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गाडी मागे जड झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. अशा गाडीला आपण ‘उलाळ’ म्हणतो. फार पुढे भरली तर बैलांची मान मोडते. अनुभवी गाडीवान भार आसाच्या जरासा पुढे ठेवतो. ट्रॉलीचेही अगदी हेच आहे. आस म्हणजे टेकू आणि ट्रॉली म्हणजे तरफ. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य आसाच्या २० सेंटिमीटर पुढे असला आणि आकडा आसापासून अडीच मीटरांवर असला, तर आकड्यावर भार येतो ८०० गुणिले ०.२ भागिले २.५, म्हणजे ६४ किलोग्रॅम. तोच २० सेंटिमीटर मागे गेला तर तेवढाच ६४ चा जोर आकड्याला वर उचलतो.

बैल नसले म्हणून काय झाले? ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे मागचे चाक हेच त्याचे ओढायचे चाक आणि तेच थांबायचे चाक. आकडा वर उचलला गेला की त्या चाकांवरचा भार घटतो, आणि भाराबरोबर पकडही. शेतीच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. सारा बोजा थांबवायचा तो त्या दोन चाकांनीच. त्यातच उलाळ ट्रॉली वेगात नागमोडी झुलू लागते. याउलट भार फारच पुढे गेला तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू फिरवले तरी गाडी वळत नाही. आणखी एक पाहायचे. शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पायटी वेगवेगळी असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती खिट्टीने एकत्र जोडली पाहिजेत, नाहीतर एकीकडचाच ब्रेक लागतो आणि गाडी फिरते.

पण ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य शोधायचा कसा? त्याला उचलून दोरीने टांगता तर येत नाही. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग फक्त मागची. समजा ३२० आणि ४८० भरले. दोन्ही आसांतले अंतर दीड मीटर असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ३२० भागिले ८०० गुणिले १.५, म्हणजे ६० सेंटिमीटर पुढे. तेथे खडूची खूण करा आणि ती खूण ट्रॉलीच्या आसाच्या थोडी पुढे आणून ट्रॅक्टर उभा करा. शाळेतल्या तरफेच्या धड्याचा याहून रोकडा उपयोग मला तरी माहीत नाही.

चढवताना

हा ६० सेंटिमीटरचा आकडा आणखी एका ठिकाणी जीव वाचवतो. ट्रॉलीचा तळ साधारण मीटरभर उंच. फळ्या लावून ट्रॅक्टर तोंड पुढे करून चढवला आणि चढ इतका उभा झाला की गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागच्या चाकांच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेला, तर ट्रॅक्टर पुढची चाके उचलून मागे उलथतो. गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर धरला तर ही सीमा सुमारे ४३ अंशांना येते. मीटरभर उंचीला दीड मीटरची फळी लावली तर चढ होतो ४२ अंशांचा! म्हणजे सीमेला टेकलाच. त्यात क्लच झटक्याने सोडला की संपले. तीन मीटरच्या फळीने तोच चढ २० अंशांच्या आत येतो. चढ उभा असेल तर ट्रॅक्टर उलटा, मागच्या चाकांनी आधी चढवणे बरे. मग जड इंजिन उताराच्या बाजूला राहून पुढची चाके टेकलेली ठेवते.

आपल्याकडचे शहाणे शेतकरी फळीच्या भानगडीतच पडत नाहीत. रस्त्याकडेच्या धुऱ्याला किंवा मातीच्या उंचवट्याला ट्रॉली लावतात आणि सपाटीवरून सपाटीवर ट्रॅक्टर नेतात. भाऊंनीही तसेच केले होते, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. फक्त त्या वेळी ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेली असावी, तिच्या चाकांना दगड लावलेले असावेत आणि मागच्या टोकाखाली भक्कम ठोकळा असावा. कारण ट्रॅक्टरची पहिली चाके आत येताच सगळा भार ट्रॉलीच्या शेपटीवर पडतो आणि ती क्षणभर पुरती उलाळ होते.

भाऊ साखळ्या घेऊन आले. ट्रॅक्टर हातभर पुढे घेतला तशी दांडी खाली बसली. मुलाने पाचरी शोधून आणल्या, बाभळीच्या होत्या. पुढच्या दोन साखळ्या चौकटीला आणि मागच्या दोन आसाच्या घराला अडकवून आवळल्या. सगळे मिळून पाऊण तास लागला आणि तेवढ्यात माझी एक एस.टी. गेली. मुलगा मोठ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला निघाला होता, तेही मी होऊ दिले नाही. तो माझ्याबरोबर पुढच्या एस.टी.ने तिवशाला आला.

निघताना मी भाऊंना एक काम सांगितले होते. बांधलेला बोजा पहिल्या आठ-दहा किलोमीटरांत बसतो. टायर दबतात, साखळीचे दुवे एकमेकांत सरकून जागा धरतात, लाकडी पाचर चिरडते. म्हणून तिवसा आले की थांबून चारही साखळ्या हाताने हलवून पाहायच्या. आम्ही एस.टी.तून उतरलो तेव्हा भाऊ ट्रॉलीवर वाकलेले दिसले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “मांगची डावी साखळी दोन बोटं ढिली भेटली.”

मुलगा ट्रॉलीखाली वाकून पाचरी तपासू लागला.